हरकाऱ्याचा राहिलेला अंक

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सुभेदार सर्जेराव भोइट्यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते अंगणातल्या उन्हात खाट टाकून कॉमिक्स वाचत बसले होते. पन्नाशी उलटलेला माणूस, पलटणीतून निवृत्त, मिशांना रोज पीळ देणारा, आणि हातात पोरासोरांचं चित्रांचं पुस्तक. मला हसू आलं आणि मी ते लपवलंही नाही. सुभेदारांनी मान वर केली. "नव्या भाडेकरू न्हवं? वरच्या नळाला सकाळचं पानी चढत न्हाई. रातच्याला बादल्या भरून ठेवत जा," एवढं म्हणाले आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

हे चौऱ्याऐंशी सालचं. माझ्या नवऱ्याची, जयंतची, विम्याच्या पुण्यातल्या कचेरीतून जयपूरला बदली झाली होती आणि खातीपुऱ्यात आम्हाला ही जागा मिळाली होती. मी बदलीवर चिडलेली होते, जयपूरवर चिडलेली होते, तिथल्या धुळीवर आणि दर वाक्याला 'जी' लावून बोलणाऱ्या दूधवाल्यावरसुद्धा. मराठी शेजारी मिळाले म्हणून जयंत हरखला. मी म्हटलं, मराठी खरे, पण साताऱ्याकडचे. साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटणार. तसं ते वाटायचंही. पण भोइट्यांच्या घरात खरं भांडण मी कधी ऐकलं नाही, आणि हे मला आमच्या घराबद्दल म्हणता यायचं नाही.

मालनबाईंची, म्हणजे सुभेदारांच्या पत्नीची, ओळख चहावर झाली. त्यांना मूल नव्हतं. बोलायला कुणीतरी हवं होतंच, आणि मला तक्रारी ऐकवायला. त्यांच्याकडूनच मला समजलं की अंगणातलं ते कॉमिक्स सुभेदारांचं नव्हतंच. ते मालनबाईंचं होतं. सुभेदार फक्त जमा करत.

लग्नानंतर सुभेदारांनी त्यांना कोरेगावाकडच्या खेड्यातून झाशीला फॅमिली क्वार्टरमध्ये आणलं. चौथीपर्यंत मराठी शिकलेली मुलगी, हिंदीचा गंध नाही. शेजारी पंजाबी, गढवाली, बिहारी बायका. नवरा दिवसभर ड्युटीवर. नळावर गेलं तरी ओठ शिवून उभं राहायचं. सुभेदार तेव्हा साधे शिपाई होते. एक दिवस त्यांनी झाशी स्टेशनवरून एक हिंदी कॉमिक्स आणलं. नाव 'हरकारा'. दर आठवड्याला निघायचं. डोंगरी मुलखातला एक हरकारा, खांद्यावर चामड्याची थैली, पायात घुंगरू, या किल्ल्यावरची पत्रं त्या किल्ल्यावर पोचवणारा. वाटेत दरोडेखोर, पूर, बर्फ, फितूर किल्लेदार. काही झालं तरी पत्र पोचतं. अक्षरं मराठीसारखीच, त्यामुळे मालनबाई वाचू शकल्या, आणि चित्रं असल्यामुळे समजूही शकल्या. हिंदी त्या हरकाऱ्याकडून शिकल्या. "म्हून माजं हिंदी जरा राजवाड्यातलं हाय," त्या सांगत. "भाजीवाल्याला म्या पयल्यांदा 'हे भद्र पुरुष' म्हनले व्हते."

सुभेदारांची जिथे जिथे बदली झाली तिथे तिथे हरकारा त्यांच्या मागे गेला. बदलीचं सामान म्हणजे ट्रंका, आणि ट्रकमध्ये ट्रंका आपटणार. सुटे अंक टिकायचे नाहीत. मग मालनबाई दर वर्षाचे अंक शिवून ठेवू लागल्या. त्याची त्यांची एक रीत होती. आधी सगळ्या अंकांची कव्हरं काढायची, जाहिरातींची पानं फाडून टाकायची, म्हणजे जाडी कमी होते. मग मोच्याकडून आणलेल्या रापीनं तिन्ही कडा कापून सारख्या करायच्या. दाभणानं शिवायचं, बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा लावायचा, वर सुभेदारांच्या जुन्या वर्दीचं हिरवट कापड, आणि हे सगळं खळीनं चिकटवायचं. खळीत मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. काढलेली कव्हरं रंगीत आणि देखणी. ती टाकवेनात, म्हणून ट्रंकांच्या झाकणांना आतून चिकटवून टाकायची. भोइट्यांकडे कुठलीही ट्रंक उघडली की झाकणातून आठ-दहा हरकारे एकदम तुमच्या अंगावर धावून येत.

असे कितीतरी खंड त्या घरात होते आणि त्यांत फक्त एक अंक नव्हता.

एकाहत्तर साली भोइटे पुन्हा झाशीला होते. लढाई लागली तेव्हा सुभेदार सरहद्दीवर गेले आणि मालनबाई गावी. झाशीच्या पेपरवाल्यानं त्यांचे अंक एकेक करून बाजूला ठेवले. परत आल्यावर गठ्ठा मिळाला, पण एका आठवड्याचा अंक झाशीला उतरलाच नव्हता. गाड्या सगळ्या फौजेला लागल्या होत्या. नेमका तोच. त्याच्या आधीच्या अंकात दुष्मन झुलता पूल तोडतो आणि हरकारा थैलीसकट दरीत पडतो. पुढच्या अंकात तो डोक्याला पट्टी बांधून किल्ल्याच्या दारात पत्र देत उभा आहे. मधे काय झालं?

"तवा ह्येंचं पत्र यायचं बंद झालं व्हतं," मालनबाई मला एकदा म्हणाल्या. "सासू रडायची, जावा रडायच्या. म्या रडले न्हाई. आल्यावर त्यो गठ्ठा उलगडला, त्यात दरी, आनि फुडं एकदम त्यो वर. मग मला रडू आलं. ह्ये माजं मानूस समोर जेवतंय आनि म्या हरकाऱ्यासाठी रडतीया. त्यो कसा वाचला त्ये मला बगायचंच हाय, चारूताई."

सुभेदार तेव्हापासून तो अंक हुडकत होते. निवृत्तीनंतर ते गावी गेले नाहीत, कारण मालनबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि इलाज जयपूरला चालू होता. विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात ते पहाऱ्याचे मुख्य म्हणून लागले. रविवारी सुट्टी. त्या सुट्टीत सायकल काढून ते शहरातली रद्दीची दुकानं पालथी घालत. चौडा रस्ता नावाच्या बाजारपेठेतले जुन्या पुस्तकांचे दुकानदार त्यांना लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणत. हरकारा छापणारा छापखाना केव्हाच बंद पडला होता. पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जितकी टिकेल तितकी टिकवू. त्यानंतर सुभेदारांच्या हुडकण्यात एक घायकुती आली. शर्यत आता त्या उरलेल्या नजरेशी होती.

"घावला की म्या वाचून दावीन तुला," ते म्हणत.

"वाचून नगं," मालनबाई म्हणत. "मला माज्या डोळ्यांनी बगायचंय."

त्या हिवाळ्यात मालनबाईंच्या काही सवयी मला खटकू लागल्या होत्या. चहा गाळताना त्या कपात बोट बुडवत. मला शिसारी यायची. एकदा मी तसं बोललेही, तर हसून म्हणाल्या, "सवय हाय, ताई. गरम किती झालाय बगते." वाचायला मात्र त्या रोज बसत. अंगणातल्या उन्हात जुना खंड मांडीवर, पान उलटायचं, गालात हसायचं, पुढचं पान. ते पाहून मला हेवा वाटायचा, कारण माझा वेळ जाता जात नव्हता.

संक्रांत झाली. विजेच्या तारांवर फाटके पतंग लोंबत होते. अशात एका सकाळी हिंदी पेपरात आतल्या पानावर बातमी आली: जुनी कॉमिक्स जमवणाऱ्यांचं संमेलन, शनिवार आणि रविवार, किशनपोल बाजाराच्या मागे एका धर्मशाळेत, अजमेर, कोटा, दिल्लीहून लोक येणार. मी पेपर घेऊन खाली गेले. सुभेदारांनी बातमी दोनदा वाचली, मिशीवरून हात फिरवला आणि कारखान्यात रजा सांगायला निघून गेले.

शनिवारी सकाळी ते कोट घालून, बूट चमकावून तयार. होल्डॉलमध्ये मालनबाईंच्या हातचे तीन खंड नीट गुंडाळलेले. "तुमी जावा बरूबर," मालनबाई मला म्हणाल्या. "त्येंचं हिंदी म्हंजे हुकूमच असतोय. कुनी दुखावलं तर सावरून घ्या." जयंतला सुट्टीच्या दिवशी स्वतःचा चहा स्वतः करायला लावायची संधी मी कशाला सोडू? मी गेले.

मला वाटलं होतं पोरांचा दंगा असेल. धर्मशाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या त्या लांबट दालनात एकही पोर नव्हतं. सगळे बाप्ये, मफलरवाले, चष्मेवाले, आणि बोलणं असं दबक्या आवाजात की कुणी आजारी असावं आत. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या बांधून त्यांवर कपड्यांच्या चिमट्यांनी कॉमिक्स टांगली होती. खाली सतरंज्यांवर लोक आपापली दौलत मांडून बसले होते. सुभेदार एकेका दोरीखालून मान वर करून पुढे सरकत होते. मधेच ते थांबले आणि टाचा जुळवून ताठ उभे राहिले. मी मागून धडकले.

दोरीवर तोच अंक होता. कव्हरवर खोल निळी दरी, तुटलेला पूल, आणि खाली कुठेतरी दिसणारा एक हात.

त्या दोरीखाली बसलेले गृहस्थ म्हणजे नवरतनजी. जयपूरचेच, वीज खात्यात कारकून, अंगानं किडकिडीत. त्यांनी प्रत्येक अंकाला पॉलिथीनची पिशवी केली होती आणि तिच्या कडा मेणबत्तीवर धरून बंद केल्या होत्या. पुढ्यात एक ओलं फडकं. ज्याला अंक हातात घ्यायचा असेल त्यानं आधी हात पुसायचे. सुभेदारांनी इतके कसून हात पुसले की फडकं पिळवटून निघालं.

"ये वाला चाहिए. जो कहेंगे, दूँगा."

"पैसे का काम नहीं है यहाँ," नवरतनजी सौम्यपणे म्हणाले. "अदला-बदली होती है. आप क्या लाए हैं?"

सुभेदारांनी होल्डॉल सोडला आणि पहिला खंड दोन्ही हातांनी पुढे केला. नवरतनजींनी आधी स्वतःचे हात पुसले, खंड उघडला, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"कवर?"

"निकाल दिया."

"विज्ञापन के पन्ने?"

"वो भी."

"और किनारे किसने काटे?"

"मेरी घरवाली ने," सुभेदार म्हणाले. "देखिए कितना सीधा काटा है. कहीं टेढ़ा नहीं."

ते अभिमानानं सांगत होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं. आजूबाजूचे दोघे-तिघे वाकून बघायला आले. एकजण वर्दीच्या कापडावरून बोट फिरवत म्हणाला, "पायजामा फाड़कर जिल्द बनाई है क्या?" आणि बाकीचे हसले. मी म्हटलं, "फौज की वर्दी है. आपके घर में किसी ने पहनी है कभी?" मला सावरून घ्यायला पाठवलं होतं, पण माझ्या नाकावरच्या रागाला ते कोण सांगणार. हसणं थांबलं, एवढं खरं.

नवरतनजी हसले नव्हते. खंडाच्या पहिल्याच पानावर ते अडकले होते. तो हरकाऱ्याचा पहिला अंक होता आणि तो त्यांच्याजवळही नव्हता. त्यांनी पानाची कापलेली कड अंगठ्यानं चाचपली आणि खंड मिटला.

"सूबेदार साहब, यह अब पढ़ने के काम का है, बस. संग्रह में नहीं चलता. कम से कम पहले अंक का कवर होता, तो मैं मन मार लेता."

"कवर है," सुभेदार म्हणाले. "घर पे है. कल लाता हूँ."

नवरतनजींनी मिटलेला खंड त्यांना परत दिला. "लाइए. और न मिले तो भी आइए. यहीं बैठकर देख लीजिए. घर मैं किसी को नहीं देता." मग त्यांनी दोरीवरचा अंक काढून सुभेदारांपुढे धरला. "अभी देख लेंगे?"

सुभेदारांनी हात मागे घेतला. "नहीं. पहले वो देखेगी."

पहिल्या अंकाचं कव्हर सगळ्यात मोठ्या ट्रंकेच्या झाकणाला होतं. घरी आल्या आल्या सुभेदारांनी ट्रंकेतल्या रजया बाहेर काढल्या, झाकण भिंतीला टेकवलं आणि स्टोव्हवर पाणी ठेवलं. मालनबाई शेजारी पाटावर बसल्या. "डाव्या अंगाला, वरच्या कोपऱ्यात," त्यांनी बोट केलं. "उगवत्या सूर्याम्होरं हुबा हाय बगा." तिथेच होता.

वाफेवर धरलेलं फडकं सुभेदार कव्हरवर दाबत, सुरीचं पातं कडेखाली सरकवत, पुन्हा फडकं. मी पाणी गरम करून देत होते. पण खळीत मोरचूद होता आणि मालनबाईंचा हात कामाला पक्का. इतक्या वर्षांत ती खळ दगड झाली होती. सूर्य सोलून निघाला. मग सूर्याखालचा डोंगर निघाला, पण चिंध्या होऊन. सुभेदारांनी श्वास रोखून चेहऱ्याच्या बाजूनं पातं घातलं, तर कागदाचा वरचा पापुद्रा त्यांच्या बोटांना चिकटून आला आणि हरकाऱ्याचं तोंड पत्र्यावर राहिलं.

"निघालं का वं?" मालनबाईंनी विचारलं.

त्या शेजारीच बसल्या होत्या. मला वाटलं, बघवत नसेल म्हणून मान वळवली असेल.

"न्हाई," सुभेदार म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या मग. कशाला जिवाला लावून घेताय? म्या शिवलं, म्याच कापलं. तवा कुनाला ठावं व्हतं?"

सुभेदारांनी बोटांचा कागद पुसून टाकला. पलटणीतला माणूस, पण त्यांचे खांदे असे उतरलेले मी कधी पाहिले नव्हते. मग ते म्हणाले, "उद्या तू चल. त्यो मानूस हितं बसून बगा म्हनलाय. घरी देत न्हाई, पर दावतोय."

"मी? मी कशाला?" मालनबाई घाईनं म्हणाल्या. "गर्दी असंल. पायऱ्या असतील. तुमी बगून या आनि सांगा मला."

"तुज्या डोळ्यांनी बगायचं व्हतं न्हवं?"

"व्हतं."

"मग?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, असं मालनबाईंचं चाललं होतं. मला त्यांचं नवल वाटलं आणि थोडा रागही आला. नवरा एवढा लोकांचं हसू सोसून आला, कव्हराची चाळण केली, आणि ही बाई जायला कुरकुरते.

"बरं," शेवटी त्या म्हणाल्या. "येते."

रविवारी त्यांनी हिरवं इरकली लुगडं नेसलं, केसांना तेल लावून अंबाडा घातला. बसमधून उतरल्यावर बाजारातल्या गर्दीत त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होत्या. जिन्यावरही तो हात तसाच होता, आणि चांगला घट्ट. सुभेदार पुढे जाऊन नवरतनजींना सांगून आले. आमच्यासाठी सतरंजीवर जागा केली गेली. कालचा तो हसणारा मनुष्य मला पाहून दुसऱ्या टोकाला गेला.

सुभेदारांनी कव्हरचं काय झालं ते सांगितलं. नवरतनजींनी मान हलवली, जास्त काही विचारलं नाही. मग त्यांनी ओलं फडकं मालनबाईंपुढे धरलं. त्या घेईनात. नवरतनजींनी थोडं थांबून ते त्यांच्या हातात ठेवलं, तेव्हा त्यांनी बोटं पुसली, एकेक करून. मेणबत्तीनं बंद केलेली कड नवरतनजींनी ब्लेडनं उघडली आणि अंक त्यांच्या मांडीवर ठेवला.

सुभेदार खिडकीकडे तोंड करून बसले. बायकोच्या आधी आतलं एकही चित्र नजरेला पडायला नको होतं त्यांना.

मी मात्र मालनबाईंच्या खांद्यावरून वाचत होते. आणि सांगते, इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला तो अंक अगदीच टुकार होता. दरीत पडताना हरकाऱ्याच्या थैलीचा पट्टा झाडाला अडकतो, एक साधू येतो, जडीबुटी लावतो आणि मोक्षावर भाषण देतो. संपलं. चित्रंही घाईनं काढलेली. मालनबाई मात्र खाली वाकून, चित्रावर बोट ठेवून, संथपणे पानं उलटत होत्या. ओठांवर तेच अंगणातलं हसू.

"कसा वाचला त्यो?" सुभेदारांनी खिडकीकडे बघतच विचारलं. "काय झालं गं? सांग की."

"पान्यात पडला," मालनबाई म्हणाल्या.

मी पानाकडे पाहिलं. पाणी कुठेच नव्हतं. साधू होता.

"खाली नदी व्हती," त्या सांगू लागल्या आणि त्यांनी पान उलटलं. "लई जोराची. त्याला पवता येत न्हाई. पर थैली सोडली न्हाई त्यानं. दोनी हातांनी उराशी धरून ठेवली. आनि मग थैलीतली पत्रं भिजून फुगली, आनि थैलीच तरंगाय लागली. लोकांच्या पत्रांनीच त्याला वर धरलं बगा. सोडली असती तर बुडाला असता."

सुभेदार ऐकत होते. त्यांची पाठ मला दिसत होती आणि तिच्यातला ताठपणा हळूहळू सैल होत गेलेला दिसत होता. त्यांना राहवेना. ते वळले आणि लहान मुलासारखे गुडघ्यांवर पुढे सरकले.

"कुठं? मला बी दाव."

"ह्ये बगा," मालनबाईंनी पानावर बोट टेकलं. "ह्यो त्यो, आनि ही थैली. किती झ्याक काढलंय."

त्या पानावर दंतमंजनाची जाहिरात होती. आई, बाप आणि दोन मुलं ओळीनं दात दाखवत उभी होती, आणि बोट त्यातल्या बापाच्या कपाळावर होतं.

सुभेदारांनी जाहिरात पाहिली. मग बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती अजून पानाकडेच बघत होती, तिथं नसलेल्या नदीकडे, आणि हसत होती. मला ओरडून काहीतरी बोलावंसं वाटलं, देवाला, डॉक्टरला, कुणालाही.

"व्हय," सुभेदार म्हणाले. "झ्याक काढलंय."

"फुडं किल्ल्यावर जातोय."

"जाऊ दे. लई भागला असंल."

मालनबाईंनी अंक मिटला आणि समोर धरला. नवरतनजींना मराठी कळत नव्हतं, पण ते बोट त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी अंक घेतला, पिशवीत घातला, आणि दोरीला न लावता सुभेदारांच्या हातात दिला. "ले जाइए," ते अगदी हळू म्हणाले. "मुझे कुछ नहीं चाहिए."

कव्हरवरची निळी दरी सुभेदारांच्या हातात होती. चौड्या रस्त्यावरचे ते सगळे रविवार मला आठवले, आणि मनातल्या मनात मी म्हणत होते, घ्या, निदान घ्या तरी. त्यांनी पिशवीवरून एकदा हात फिरवला आणि ती परत नवरतनजींपुढे ठेवली.

"रखिए. पढ़ लिया उसने."

बायकोच्या बरोबरीनं चालणं सुभेदारांच्या गावात बसत नव्हतं, आणि एवढ्या नोकरीत देशभर हिंडूनही त्यांना ते जमलं नव्हतं. ते आपले पुढे निघाले. जिन्याच्या तोंडाशी गेल्यावर थांबले. मालनबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून येत होत्या. सुभेदार मागे आले, सगळ्या लोकांदेखत त्यांनी तो हात माझ्या खांद्यावरून उचलला आणि आपल्या हातात घेतला.

मालनबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"कळलं न्हवं तुमास्नी?" त्या म्हणाल्या.

"कवापास्नं?"

"दिवाळीच्या आदीपास्नं. सावली तेवडी दिसती." मग म्हणाल्या, "तुमी एवडं हुडकत व्हता. कसं सांगनार?"

जिना अरुंद होता, दगडी, पायऱ्या झिजून खोलगट झालेल्या. सुभेदार एक पायरी खाली उतरले, वळून तोंड बायकोकडे केलं आणि उलट्या पावलांनी उतरू लागले, तिचे दोन्ही हात धरून. "पायरी हाय," ते म्हणत. ती पाऊल टाकी. "आनिक हाय." कवायतीच्या मैदानावर कमावलेला त्यांचा तो आवाज इतका खाली गेला होता की मागून उतरताना मला तो नीट ऐकूही येत नव्हता.